चुलीमागच्या खिडकीतला एक्स-रे

मोरबी
५ जून २०२५

प्रिय समताताईस,
धम्मदीपचा सप्रेम जय भीम. वि. वि.

शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढा कागद भरून राह्यलो, हसू नको. वकीलसाहेब म्हणे, फोनवर बडबडू नको, जसं झालं तसं लिहून पाठव. तू त्यायले वाचून दाखव.

गेल्या वर्षी मलकापूरजवळ रोही, म्हंजे नीलगाय, आडवी पळाली अन् माझा टाइल्सचा टेम्पो उलटला. पोलिसांनी विचारलं, लागलं का? मी शहाण्यानं सांगतलं, मले काहीच नाही झालं! जीव सारा फुटलेल्या टाइल्सत होता. पंचनाम्यात तेच लिहिलं. दवाखाना सोडून घरची, उंद्रीची एसटी धरली, हे दुसरं शहाणपण. आता विमावाले म्हणतात, खांदा अपघातात नाही, गावात कबड्डी खेळताना मोडला. हात डोक्यावर जात नाही, स्टेअरिंग सुटलं, गोदामाच्या गेटवर राखणीले बसून राह्यलो, अन् वरून खोटारडा ठरलो. भरपाई नाही भेटली तं ऑपरेशन कशाचं करतो?

दुसऱ्या दिवशी आपण पिंपळगाव राजाच्या रंगरावबाबाकडे गेलतो. ते हाडं बसवतात, पण एक्स-रे पाह्यल्याबिगर हात लावत नाहीत. त्यायनं खामगावले धाडून काढायले लावलेला तो एक्स-रे कुठी गेला? घर उलथं कर, पण शोध.

लोभ आहेच, एक्स-रे सापडेपर्यंत तरी तो पातळ करू नको.
तुझा,
धम्मदीप

उंद्री
१७ जून २०२५

चि. धम्मदीप यास,
समताताईचा जय भीम व आशीर्वाद.

कागदावर चहाचा डाग पाहूनच आईनं तुझं पत्र ओळखलं.

पेटी, कोठी, बाजेखालचं सामान, सगळं पाह्यलं. आई म्हणे, तसलं काही घरात नाही. मी वैतागून चहा ठेवला, अन् समोर पाह्यते तं चुलीमागच्या खिडकीत तुझा खांदा! काच फुटली तव्हा वाऱ्यानं पीठ उडे, म्हणून आईनंच तो खिळे ठोकून बसवलेला. मी काढायले गेली तं म्हणे, हात नको लावू, ते खिडकीचं हाय.

काजळी पुसली. कोपऱ्यात तुझं नाव अन् अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. बुलढाण्याचे हाडाचे डॉक्टर म्हणाले, मोडलेल्या कडा ताज्या हायेत. जुनं असतं तं सांधल्याची गाठ दिसली असती. ते कोर्टात सांगतील. अपघाताच्या दिवशी दिवेलागणीले तू घरी आला, सकाळी बाबाकडे गेला. मंग कबड्डी काय एसटीत खेळला?

जेवत जा. माया इथं शिजून राह्यली, तू ये तेवढा.
तुझी ताई,
समता

मोरबी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
धम्मदीपचा जय भीम.

बुलढाण्याच्या कोर्टातून सरळ गाडी धरली, घरी आलो नाही, राग मानू नको. सुट्टी तेवढीच होती.

आई, जमलं! कोर्टानं मानलं, खांदा कामावरच्या अपघातातच मोडला. भरपाई मंजूर झाली, जानेवारीत ऑपरेशन. विम्याच्या वकिलानं साक्षीले आलेल्या रंगरावबाबाले डिवचलं, तुम्ही डॉक्टर हाये का म्हणून. बाबा म्हणाले, नाही, म्हणूनच तं एक्स-रे काढायले धाडलं. सारं कोर्ट हसलं. मी बाहेर येऊन दोन कप चहा पेलो अन् पहिल्यांदा खांदा दुखत हाये हेच विसरलो.

एक्स-रे हरवला म्हणून तुह्यावर फोनवर ओरडलो, ते मनात ठेवू नको. पेटीत असता तं उंदरानं खाल्ला असता. तू डोळ्यासमोर ठेवला.

तो आता कोर्टातच राह्यला, म्हंजे पीठ पुन्हा उडत असन. येताना काच आणतो. पण ती बसवायले दोन हात लागतात. एक माझा हाये. दुसरा बरा होईस्तोवर तुझा लाव.

तुझा,
धम्मदीप