दोनाळीचा साज

३ फेब्रुवारी, सोमवार
एजन्सीचा मेसेज आला. २७ एप्रिलला सगळ्या गनमॅनची फायरिंग टेस्ट. पंचवीस मीटरवर माणसाएवढा बोर्ड, पाच बार, त्यातले तीन लागायला हवेत. नाही लागले तर गनमॅनची ड्युटी बंद. मग नुसता गार्ड, हातात काठी.
हसू आलं. एकोणीस वर्षं बोईसरच्या या बँकेच्या दारात बाराबोरची दोनाळी घेऊन उभा आहे. बाबांची बंदूक, वारसाने माझ्या नावावर आलेली. या एकोणीस वर्षांत एकही बार काढायची वेळ आली नाही. याला म्हणतात धाक.
तरी तयारी हवी. संकल्प : रोज पहाटे अर्धा तास प्रॅक्टिस. उद्यापासून.

४ फेब्रुवारी, सकाळी ६
उठलो. बंदूक काढली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं झोपलेली. उशी बदलायला हवी. प्रॅक्टिस नाही.

६ फेब्रुवारी
विचार केला. आधी बंदूक नीट करावी, मग प्रॅक्टिस. उगाच जुन्या बंदुकीची सवय लावून घ्यायची आणि नंतर बंदूक बदलायची, म्हणजे दुप्पट मेहनत. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. परदेशात लोक बंदुकीला काय काय लावतात! दस्त्याला रबरी पॅड, खांद्याला धक्का बसू नये म्हणून. चामडी पट्टा. बाजूला काडतुसं खोचायची पट्टी.
पॅड आणि पट्टा मागवला.

१२ फेब्रुवारी
कुरिअर आलं. शालूने सही करून घेतलं आणि काय आलं म्हणून विचारलं. ऑफिसचं आहे म्हटलं. ती म्हणाली, ऑफिसचं हाय तर घरी कशाला? बायकोला बंदुकीतलं काय कळणार.
पॅड बसवायला दोन तास लागले. स्क्रू बोटातून सारखे निसटत होते. स्क्रूच्या क्वालिटीत आता दम राहिलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
एजन्सीने मनोरकडच्या रेंजवर पहिली प्रॅक्टिस ठेवली होती. बोईसर स्टेशनवरून सात वाजता गाडी. गेलो नाही. पट्ट्याचा रंग बंदुकीला शोभत नव्हता, तो बदलून मागवलाय. अर्धवट साज घेऊन चार लोकांत जाणं बरं नाही.
झुंबर गेला होता. हा एमआयडीसीतल्या शाखेवरचा गनमॅन. विक्रमगडकडचा. त्याची एकनाळी बघवत नाही. दस्ता तडकलेला, वर तांब्याची तार गुंडाळलेली. पॅड म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा. संध्याकाळी फोन करून म्हणाला, "चुरीशेठ, तुमी नाय आले. पुढच्या टायमाला मी गाडीवर घ्यायला येतो उमरोळीला."
बघू म्हटलं. त्याची कीवच येते.

२४ फेब्रुवारी
नवा पट्टा आला. छान. बँकेत मॅनेजर रूपल मॅडम म्हणाल्या, काका, नवीन का? बरं वाटलं असणार. आता आठवत नाही.

२ मार्च, रविवार
झुंबर पावणेसातला दारात. मी आंघोळीलाही गेलो नव्हतो. शालूने त्याला चहा दिला. त्याने अंगणातच मला दाखवलं : नळीत रिकामं काडतूस घालायचं, बंदूक खांद्याला लावायची, श्वास सोडायचा, घोडा दाबायचा. रोज पन्नास वेळा करतो म्हणे, जेवणाच्या सुट्टीत, शाखेच्या मागच्या गल्लीत.
मी त्याला टॉर्चबद्दल सांगितलं. नळीखाली लावायचा टॉर्च. तो म्हणाला, "बँक तर दिवसाची असते ना?"
यालाच दूरदृष्टी नसणं म्हणतात.
मी गेलो नाही. अंग कसकसत होतं. थोडंसं.

५ मार्च
टॉर्च मागवला. सोबत लाल रंगाची खोटी काडतुसं. रिकाम्या नळीने घोडा दाबला की आतला खिळा खराब होतो म्हणे, म्हणून ही. ॲल्युमिनियमची आहेत. फार सुंदर. शोकेसमध्ये ठेवली. वापरली तर ओरखडे पडतील.

१० मार्च
बँकेत चहा आला. रोजच्यासारखा गरम नव्हता, म्हणून ग्लास नीट धरून सावकाश प्यायलो. घरी शालूने हात धरून बघितला. अंगठ्याला आणि बोटाला दोन मोठे फोड. हे कशाने, म्हणून तिने विचारलं. माहीत नाही म्हटलं.
ती म्हणाली, "पालघरला डॉक्टरकडं चला. दिवाळीपासून बघतंय मी, हातातून वस्तू पडतात तुमच्या."
दिवाळीत एक वाटी पडली होती. वाट्या पडतातच.
अर्ध्या बोटांचे हातमोजे मागवले. ग्रिपसाठी.

१६ मार्च, रविवार
आज रेंजवर गेलो! झुंबरच्या गाडीवर मागे बसून. बंदूक नव्या कव्हरमध्ये. सगळे गोळा झाले, पॅड दाबून बघितलं, टॉर्च लावून बघितला, एकाने तर फोटो काढला. एजन्सीचा सुपरवायझर सुजीत म्हणाला, काका, एकदम पिक्चरमधली दिसते.
माझा नंबर आला तेव्हा हातमोजे काढून परत घालत होतो. म्हटलं, दुसऱ्यांना आधी जाऊ द्या. मग बोर्डावरची भोकं मोजायला कोणीतरी हवं होतं, ते काम मी घेतलं. नीट मोजली. झुंबरचे पाचातले चार बार लागले. त्याच्या त्या तारवाल्या बंदुकीने.
एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. बोर्ड चांगला मोठा आहे, आणि काडतुसातले छरे पसरतात. डोळे मिटून मारलं तरी लागेल. मग काडतुसं कशाला फुकट घालवा?

२१ मार्च
आमच्या रुचिताचा फोन. वडोदऱ्याला नोकरीवर कायम झाली. शालू रडायला लागली, आनंदाने. मला बोलायला फोन दिला. छान, म्हटलं. रुचिता म्हणाली, बाबा, ऐकताय ना? हो म्हटलं. फोन शालूला दिला आणि टॉर्चचा क्लॅम्प आवळत बसलो. ढिला होतो सारखा.
हे लिहिताना पेन दोनदा निसटलं. जाड पेन घ्यायला हवं.

३० मार्च, गुढीपाडवा
रेंजवर प्रॅक्टिस होती. सणाच्या दिवशी बार काढू नये, असं मला वाटतं. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. काडतुसांची पट्टी बसवली. आता एका बाजूला टॉर्च, एका बाजूला पाच काडतुसं, वर लाल ठिपका पाडणारा लेझर, खाली पट्टा. शालू म्हणाली, बैलपोळ्याचा बैल दिसतो.
संकल्प : १ एप्रिलपासून रोज पन्नास वेळा. झुंबरसारखं. खरं तर साठ.

१ एप्रिल
तीन वेळा केलं. बंदूक जड झालीय. खांदा भरून आला.

२ एप्रिल
विश्रांती. खांद्याला विश्रांती देणं हाही ट्रेनिंगचाच भाग आहे, असं एका व्हिडिओत सांगितलंय.

९ एप्रिल, बुधवार
दुपारी पावणेबारा. बँकेत गर्दी. अचानक सायरन सुरू झाला. कॅशियर खाली वाकले, एक बाई किंचाळली, लोक दाराकडे. मी बंदूक उचलली. पट्टा खुर्चीच्या हातात अडकला. ओढला तर खुर्ची सोबत आली. टॉर्च आपोआप लागला आणि थेट रूपल मॅडमच्या डोळ्यांत. मॅडम हात वर करून उभ्या. म्हणाल्या, "काका, मी आहे, मी!"
सायरन शॉर्टसर्किटमुळे वाजला होता. एवढंच.
मॅडम नंतर पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, काका, दरोडेखोर असता तर? मी म्हटलं, तर वेगळी पद्धत वापरली असती.
मला भीती वाटली नाही. याची नोंद करून ठेवतो. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. सायरन वाजला तेव्हा नाही, थांबला तेव्हाही नाही. पूर्वी साधा सुतळी बॉम्ब फुटला तरी छातीत धस्स व्हायचं. नसा पक्क्या झाल्यात.

१३ एप्रिल, रविवार
शेवटची प्रॅक्टिस. गेलो नाही. आता गेलो तर सुजीतला वाटेल, चुरी घाबरलाय.

२० एप्रिल
आठवडा उरला. टॉर्चमधला सेल बदलला. सगळ्याला तेल दिलं. तेलाची बाटली हातातून पडली, लादी निसरडी झाली. शालूने पुसली. पुसून झाल्यावर म्हणाली, "तुमाला आतमधून काय होतं ते तरी सांगा."
काही होत नाही, हेच खरं उत्तर. पण ते ऐकायला बरं वाटणार नाही, म्हणून बोललो नाही.

२६ एप्रिल
उद्या टेस्ट. मन शांत. मोठ्या खेळाडूंचं असंच असतं.

२७ एप्रिल, रविवार, दुपारी ३
जसं झालं तसं लिहितो.
नावं वर्णानुक्रमाप्रमाणे. माझ्या आधी सहा जण. सगळे पास. माझं नाव पुकारल्यावर सगळं बसवायला चार मिनिटं लागली. सुजीत घड्याळ बघत होता. उन्हात लेझरचा ठिपका दिसेना. तरी खांद्याला लावली. बोट घोड्यावर ठेवलं. ठेवलं असं वाटलं. दोनाळीला दोन घोडे असतात, एका नळीचा एक. दाबलं, काही झालं नाही. जोरात दाबलं.
दोन्ही नळ्या एकदम उडाल्या.
मी मागे आपटलो, बसकण मारल्यासारखा. टॉर्च कुठेतरी गेला. कानात नुसता सूं आवाज. बोर्ड कोरा. एक छरा नाही.
दोन बोटं आत होती. मला एकच वाटलं होतं.
झुंबरने उचललं. सुजीत म्हणाला, काका, तीन बार उरलेत, तीनही लागले तर पास. मी म्हटलं, बंदूक जड आहे, बॅलन्स बिघडलाय. झुंबर म्हणाला, माझी घ्या. त्याची बंदूक हातात घेतली. हलकी होती. घोडा सापडेना. वाकून, बघून बोट ठेवलं. बघितलं की नेम सुटायचा, नेम धरला की बोट कुठे आहे ते कळेना.
झुंबरने बंदूक काढून घेतली. "हात दाखवा." हातमोजा त्यानेच ओढून काढला. नखाने बोटाच्या टोकावर दाबलं. "कळतंय का?"
मी म्हटलं, तू दाबतोयस कुठे?
"डोळे मिटा. आता?"
"नाही."
"आता?"
"नाही."
झुंबर हळूच म्हणाला, "हाताला कळत नाय तर बंदूक काय करल, शेठ?"
सुजीतने कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा धरला.

२८ एप्रिल
खांदा काळानिळा झालाय. तो दुखतो. ते एक बरं.

३० एप्रिल
पालघरला डॉक्टर. शालू सोबत. साखर खूप वाढलेली. मानेचीही नस दबलेली असावी म्हणतात, तपासण्या लिहून दिल्या. कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं फेब्रुवारीपासून. शालू म्हणाली दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले, त्याच्याही आधीपासून असेल. बधिर झालेलं माणसाला स्वतःला उशिरा कळतं.
परतताना रिक्षात शालू माझा उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. मला बेटेगावच्या फाट्यापाशी खाली बघितल्यावर समजलं.

२ मे
एजन्सीचं पत्र. सोमवारपासून एका केमिकल कंपनीच्या पार्किंगवर ड्युटी. बंदूक आणायची नाही. माझ्या जागी बँकेत झुंबर.
पॅड, पट्टा, लेझर, सगळं उतरवलं. स्क्रू शालूने काढले. खाली बाबांची साधी बंदूक निघाली. गुंडाळून कपाटात ठेवली. कुलूपही तिनेच लावलं.

९ मे
पार्किंगमध्ये गाड्यांचे नंबर लिहायचे. अक्षर लागत नाही म्हणून कंपनीवाले तक्रार करतात. ट्रकवाले पटापट बोलतात, त्यात माझी काय चूक.

२० मे, मंगळवार
सुट्टी घेतली. तपासण्यांसाठी पैसे काढायला बँकेत गेलो. दारात झुंबर. उठून उभा राहिला, म्हणाला, बसा शेठ, पंख्याखाली. टोकन घेऊन बसलो. एकोणीस वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदा बसलो. तिथून दार दिसतं. पाऊण तास बघत होतो. बंदुकीकडे कोणी बघत नाही. एक मावशी झुंबरजवळ गेली, मला वाटलं बंदुकीचं काही विचारते. पेन मागत होती.
माझा नंबर आला. स्लिप दिली. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघितलं, स्लिपकडे बघितलं. सही जुळत नाही म्हणाली. परत करा. केली. परत केली. तिसऱ्या वेळी कागद फाटला.
रूपल मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, काका, मी ओळखते हो तुम्हाला, पण सिस्टीम नाही ओळखत. अंगठा चालेल. साक्षीदार म्हणून मी सही करते.
मागे रांग होती. कोणी हसलं नाही. मी उजवा हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, पुरुषांचा डावा.
झुंबरने बंदूक पाठीवर टाकली, शाईचं पॅड उघडलं आणि माझा डावा अंगठा धरून त्यावर टेकवला.
शाई गार होती. तेवढं कळलं.