टिकलीची आहार-सुरक्षा

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
प्राची आज हैदराबादला गेली. नवी नोकरी, नवी बिल्डिंग, आणि बिल्डिंगमध्ये कुत्र्यांना मनाई. म्हणून टिकली आमच्याकडे, पंधरा दिवस ट्रायलवर. म्हणजे ट्रायलवर मी आहे, टिकली नाही. मुलगी बापाची परीक्षा घेते, असो. १६ तारखेला येऊन ठरवणार, टिकली यवतमाळात राहील की पुसदला तिच्या मैत्रिणीकडे, अनघाकडे जाईल. अनघाचं अंगण मोठं आहे म्हणे. अंगण काय, कोणाचंही असतं.

मी बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळली. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. मला एक कुत्री सांभाळता येणार नाही?

संकल्प: टिकलीचं खाणं, पिणं, फिरणं सगळं माझ्याकडे. शुभदाने, म्हणजे बायकोने, यात पडायचं नाही. तिला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि टीव्ही लावला.

प्राचीने ठेवलेल्या अर्ध्या पाकिटातलं डॉग फूड दिलं. टिकलीने वाटी चाटूनपुसून साफ केली. नंतर दारात बसली, रस्त्याकडे तोंड करून. माझीच वाट बघत असणार. मी घरातच होतो, पण तिला कुठे माहीत.

३ नोव्हेंबर
दत्त चौकातून दहा किलोचं नवं पाकीट आणलं. त्यावर छापलंय, 'मूळ पाकिटातच ठेवावे.' या कंपन्यांना आपल्या घरांची काही कल्पनाच नसते. कोणाच्या घरी साखर पाकिटात राहते? दिवाळीचा चिवडा संपून मोठी स्टीलची कोठी रिकामी झालीच होती. शुभदा पाकिटं दातांनी फाडते. मी फूटपट्टी लावून, रेघ मारून, कात्रीने वरचा भाग सरळ कापला. प्राचीचं उरलेलं खाली, नवं त्यावर. झाकण घट्ट.

पाकीट मजबूत होतं, ते दारावर भाजी विकणाऱ्या मानीबाईला देऊन टाकलं. कापलेली पट्टी मात्र ठेवली. आतून चंदेरी आहे, मागे कसले तरी बारीक आकडे. या वहीत खूण म्हणून छान झाली. मी काही वाया घालवत नाही.

४ नोव्हेंबर
टिकलीने वाटीला नाक लावलं आणि मागे सरकली. प्राचीची आठवण येत असेल. उद्यापासून चमचाभर तूप.

५ नोव्हेंबर
तूप घालूनही खाल्लं नाही. विचार केला. लहान मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि स्वतः मूठभर खाल्लं. चव जुन्या शंकरपाळ्याची, मागून थोडी ओल्या सरकी ढेपेची. तुपामुळे उतरलं. टिकली माझ्याकडे एकटक बघत होती. आदर दिसला.

शेजारचा शकील भिंतीवरून बघत होता. टू-व्हीलर मेकॅनिक आहे, गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकतो. म्हणाला, काका, ती खात नाही तं जबरदस्ती कायले करून राह्यले? जनावराले समजते ना. मी म्हणालो, तू कार्ब्युरेटर बघ.

६ नोव्हेंबर
पुन्हा मूठभर खाल्लं. टिकलीने नाही. चिकाटी हवी.
दुपारी एक ते दोन ती बाहेर असते. कुठे जाते ते कळत नाही. व्यायाम करत असेल.

७ नोव्हेंबर
प्रात्यक्षिकाचा तिसरा दिवस. सवय झाली. आज थोडी आवडही वाटली.

टिकलीचं वजन केलं. एकटा काट्यावर उभा राहिलो तर ७१, तिला उचलून ८५. म्हणजे चौदा. प्राचीने साडेतेरा लिहून दिलंय. चार दिवस न खाता अर्धा किलो वाढली! प्राचीला मेसेज केला, की माणसाचा जीव असला की जनावराला अन्न कमी लागतं. तिने अंगठा पाठवला. ही ट्रायल मी जिंकणार.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
गंभीर प्रकार. प्राचीने एक नोटीस पाठवली. मी आणलेल्या पाकिटाच्याच कंपनीची. डॉग फूडच्या एका बॅचमध्ये बुरशीचं विष निघालंय. लिव्हर खराब होतं. ती बॅच खाऊ घालू नका, बॅच नंबर कळवा. खाली नंबर दिलाय, शेवटचे आकडे ४१७. प्राची फोनवर म्हणाली, बाबा, पाकिटाचा फोटो पाठवा, आत्ता.
मी म्हणालो, पाठवतो. नेटवर्क नाहीये इथे.
फोन चांगला चालू होता, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

दुपारी ४
टिकलीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉ. गझाला. वय लहान, पण माझ्यासारखीच मुद्देसूद. टिकलीच्या हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं. विचारलं, हिने यातलं किती खाल्लं? मी सांगितलं, हिने काहीच नाही. मी खाल्लं.
तिने पेन खाली ठेवून विचारलं, किती? मी म्हणालो, तीन दिवस, मूठ मूठ, तुपाबरोबर. तिने लक्षणं सांगितली. भूक मंदावणं, मळमळ, डोळे पिवळे. दत्त चौकापर्यंत पोचलो तोवर मला तिन्ही सुरू झाली होती. माणसांच्या डॉक्टरकडे जा म्हणाली. तिच्याकडे माणसांसाठी सोय नाही.

बॅच नंबर तिनेही मागितला. तीच बॅच इथे विकली गेल्याचा पुरावा मिळाला की दुकानातला बाकीचा माल थांबवता येईल म्हणे, नाहीतर गावातली बाकीची कुत्री खातील. मी सांगितलं, पाकीट घरी फाईलला लावलेलं आहे.
फाईल आजच सुरू करतो.

१० नोव्हेंबर
फाईल सुरू केली. विषय: टिकली. उपविषय: आहार-सुरक्षा. अनुक्रमणिका केली. पान एकवर पाकीट लागेल, जागा सोडलीय.

लिव्हरच्या तपासणीसाठी लॅबमध्ये रक्त दिलं. शुभदाला सांगितलं नाही. लॅबवाल्याने रिपोर्ट तयार झाल्याचा फोन नेमका घरच्या नंबरवर केला, आणि तपासणी कशासाठी होती तेही सांगून टाकलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही कुत्र्याचं खाल्लं? मी म्हणालो, प्रयोग होता. ती हसली नाही. माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि मग बराच वेळ हसली.
रिपोर्ट नॉर्मल. लिव्हर असामान्य मजबूत असणार.

११ नोव्हेंबर
दुकानदाराला म्हटलं, माल खाली उतरव. तो म्हणाला, मोबाईलवर कायबी येते, काका, माह्या दुकानातून नेलेल्या पाकिटावरचा नंबर दाखवा. पुरावा नाही तं मी थैले कायले हटवू? त्याच्याकडे चार वेगवेगळ्या बॅचचे थैले आहेत, ४१७ चेही, आणि प्रत्येकाचा नंबर तो उगाच वर करून दाखवत होता. दुकानात एक बाई लॅब्राडॉर घेऊन आली होती. कुत्रं माझे बूट हुंगत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

आता घरचंच अन्न. खिचडी केली. शुभदाचं स्वयंपाकघर तासभर माझ्या ताब्यात होतं. मुगाची डाळ, तांदूळ, भरपूर कांदा, लसणाची फोडणी. डॉ. गझालाला अभिमानाने फोन केला. ती ओरडलीच. कांदा-लसूण कुत्र्याला विष असतं म्हणे. मी म्हणालो, नुसता वासापुरता घातलाय.
टिकलीने खिचडीही खाल्ली नाही. मला ती खावी लागली.

१२ नोव्हेंबर
प्राचीचे चार फोन. पहिल्याला आंघोळ, दुसऱ्याला बँक, तिसऱ्याला नेटवर्क. चौथा शुभदाने उचलला. आतल्या खोलीत जाऊन बोलल्या. काय बोलल्या माहीत नाही. 'अनघा' एवढं ऐकू आलं.

खरं सांगायचं तर आज धडकी भरली. रिटायर झाल्यापासून सकाळी सहाला मला उठवायला येणारं कोणी नव्हतं. टिकली येते, पांघरूण ओढते. पुसदला अनघाचं पांघरूण ओढेल. ते मला सहन होणार नाही.
संकल्प: मानीबाईकडून पाकीट परत आणणे.

१३ नोव्हेंबर
मानीबाई दारावर येईना म्हणून भाजीबाजारात गेलो. माझ्या पाकिटावरच बसली होती. पाकिटावरचा हसरा कुत्रा तिच्या लुगड्याखालून डोकावत होता. परत मागितलं. म्हणाली, साहेब, तुमीच तं देलं, आता वापस कायले मांगता? मी काय मातीत बसू? शेवटी बदल्यात माझी रेक्झिनची बॅग दिली. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेली. तिने चेन दोनदा उघडून बघितली, मग उठली.

घरी येऊन पाकीट धुतलं, पुसलं, भिंग घेऊन वाचलं. मागच्या बाजूला लिहिलंय: 'बॅच क्रमांकासाठी पाकिटाचा वरचा भाग पाहा.'
वरचा भागच नाही!
मानीबाईने कापला असणार. पण कडा इतकी सरळ आहे की तिचं काम वाटत नाही. शुभदाला विचारलं, हे फूटपट्टी लावून कोणी कापलं? ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. उत्तर द्यायचं नसलं की ती असंच करते.
फार दमलो. खूण ठेवून वही बंद करतो.

१४ नोव्हेंबर
संपूर्ण घर शोधलं. रद्दी, माळा, गाद्यांखाली. १९९४ चं विजेचं बिल सापडलं, गॅसची पावती सापडली, प्राचीचा बालवाडीचा फोटो सापडला. वरचा भाग नाही. कोणीतरी या घरात कागदपत्रं नीट ठेवत नाही.

कंपनीला पत्र लिहिलं. नंबर पाकिटाच्या वरच्या भागावर छापणं हाच मूळ दोष आहे, ग्राहक तोच भाग कापतो. तीन मसुदे केले. तिन्ही फाईलला लावले.

१५ नोव्हेंबर
टिकली आजही एक ते दोन बाहेर. आज वजन साडेचौदा.
उद्या प्राची येणार. तयारी पूर्ण. फाईल एकवीस पानांची झालीय. पान एक कोरं आहे, पण एवढ्या पानांत एक पान कोण बघतं. आत्मविश्वास चांगला आहे. वहीची खूण उद्याच्या पानावर ठेवून झोपतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
जसं घडलं तसं लिहितो.

प्राची सकाळच्या गाडीने आली. मी फाईल पुढे केली. तिने पान एक उघडलं आणि विचारलं, बाबा, पाकीट? मी अनुक्रमणिकेबद्दल सांगू लागलो. तेवढ्यात टिकली टेबलाजवळ आली, या वहीला नाक लावलं आणि मागे सरकली. वाटीपुढे सरकायची अगदी तशीच. प्राची तिच्याकडे बघत होती. तिने वही उचलली, खूण ओढून काढली, उलटी केली.
शेवटचे आकडे ४१७.

शुभदा पाणी आणायला गेली आणि स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज आला. मला हसू आलं नाही. मला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. मी त्या मुक्या जिवाला रोज तूप घालून विष वाढत होतो, आणि ती रोज नाही म्हणत होती, आणि मी त्याला बेशिस्त समजत होतो.

प्राचीने पट्टीचा फोटो डॉ. गझालाला पाठवला. तासाभरात दुकानातून सात थैले खाली उतरले. कोठीतलं सगळं बांधून वेगळं ठेवलं, कोठी शकीलने गरम पाण्याने घासली. तेव्हाच त्याची आई जैबुनबी आली, हातात पातेलं. म्हणाली, टिकली आज आली नाही, म्हून पाहाले आली. विचारलं तेव्हा कळलं. टिकली चार तारखेपासून रोज एक वाजता त्यांच्याकडे जेवते. कोंबडी घालून मऊ भात, बिनमिठाचा. जैबुनबी म्हणाली, भाऊ, मले वाटलं तुमाले मालूम हाये. तुमच्या बाईनंच तं सांगतलं होतं, ते जे देतील ते ती खाईन नाही, तुमी पाहून घ्या म्हून.

डॉ. गझालाला विचारून प्राचीने निर्णय सांगितला. टिकली यवतमाळातच राहणार. माझी छाती फुगली. मी म्हणालो, बघ, मी सांगितलं नव्हतं? ती म्हणाली, थांबा बाबा. जेवण जैबुनचाचीकडे. औषधं आईकडे. तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ फिरवणं. नवं पाकीट आलंच तर त्यातलं खाणं पाकिटातच राहील आणि त्याला तुम्ही हात लावणार नाही. आणि लिव्हरची तपासणी महिन्याने पुन्हा, तुमची. टिकलीचं रक्त चांगलं आलंय, तिची गरज नाही.
सगळं मान्य केलं. सकाळी सहाचं पांघरूण माझंच आहे, हे मी विचारून घेतलं. ती हो म्हणाली.

पट्टी प्राची पुराव्यासाठी घेऊन गेली. या वहीला आता खूण नाही.

रात्री शुभदाने ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मी ताट उचललं आणि आधी टिकलीच्या नाकासमोर धरलं. तिने वास घेतला, सावकाश, आणि शेपूट हलवली. मग मी जेवलो.