वेलांट्यांना मार्क नाहीत

बाबा,

मी ड्यूटीवर निघालेय. तुमची कालची सराव परीक्षा तपासली. सोडवलेलं एकही उत्तर चुकलेलं नाही, पण निम्मा पेपर कोरा! वेळ कुठे गेला तेही दिसलं. प्रश्नपत्रिकेतल्या वेलांट्या तुम्ही लाल पेनाने दुरुस्त करत बसलात. छापखाना सुटला, मुद्रितं तपासायची खोड काही सुटेना! वकिलीच्या प्रवेशपरीक्षेत त्याला मार्क नाहीत, किती वेळा सांगू?

आज घड्याळ समोर ठेवा. प्रश्न अडला की खूण करा, पुढे सरका, उरलेल्या वेळात परत या.

आई सांगत होती, तुम्ही तिला म्हणालात, "या वयात वर्गात बसलो तर पोरं हसतील." हसू देत की! पण त्यासाठी आधी वर्गात बसायला मिळायला हवं ना?

तुमची धाकटी