अरुणोदयची रिकामी खुर्ची

३१ ऑगस्ट, नांदुरा

भाकरीचा डबा झाकणाआड लपवून जेवलेल्या माझ्या बायांनो, भावांनो, तुमच्या आईच्या न्याहारीला ज्यांनी अडाणी ठरवलं त्यांनी तसं तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. त्यांनी ते रंगीत चित्रात म्हटलं, आणि चित्राशी भांडता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी भांडणार आहे.

पुढच्या महिन्यात इथल्या वाचनालयात जुन्या जाहिरातींवर बोलायचं आहे, त्या भाषणाची सुरुवात हीच ठेवायची.

कालच आले. कॉलेजात इतिहास शिकवायचा आहे. राहायला शकुंतलाबाईंची वरची खोली मिळाली. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि वाऱ्यावर सरकीचा वास येतो. शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका आहेत. नात आरोही दुसरीत. तिचे आईवडील पुण्याला नोकरीला असल्याने ती आजीजवळच असते. तिनं माझी ट्रंक उघडायला लावली आणि आत नुसते कागद बघून हिरमुसली. जुन्या मासिकांतल्या न्याहारीच्या डब्यांच्या जाहिराती: मक्याचे पोहे, ओट, गव्हाचे कुरकुरीत पापुद्रे. काऊन जमवता, असं तिनं विचारलं. मी उत्तर देण्याआधीच आजी म्हणाल्या, लोकं सोनं जमवतात, आमची मॅडम न खाल्लेले पोहे जमवून राह्यली.

गाव आवडलं.

५ सप्टेंबर

स्टेशनाजवळ वाहेदभाईंचं रद्दीचं दुकान आहे. कागदावरचं खाणं पाहून पोट भरते काय मॅडम, असं मला चिडवत त्यांनी जुन्या मासिकांचं पोतं मोकळं केलं. कुणाचं तरी घर रिकामं झालं तेव्हा ते आलं होतं. एका अंकातली दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवलेली होती. वाहेदभाई म्हणाले, ज्यानं चिकटवली त्याले काही कारण असंल, राहू द्या. मी घरी आणून पातेल्याच्या वाफेवर ती सोडवली.

आणि हाती लागली ‘अरुणोदय मक्याचे पोहे’. टायवाले वडील, कडक इस्त्रीच्या पातळातली आई, भांग पाडलेला मुलगा. तिघांच्या हातात चमचे, तिघांचे दात दिसतात. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला एक रिकामी खुर्ची, आपल्याकडे थोडी ओढलेली. वर ठळक अक्षरांत: ‘अजून भाकरीच? सुशिक्षित घराची सकाळ वेगळी असते.’ खाली बारीक अक्षरांत: ‘ही जागा तुमच्या बाळाची.’

इतका उघड उद्धटपणा मी दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीत पाहिलेला नाही. माझ्या संग्रहातलं सर्वांत मोलाचं पान हेच. फ्रेम करून घेतलं.

१४ सप्टेंबर

सभा जिंकली. वाचनालयात बसायला जागा उरली नव्हती. पिंपळगाव राजाहून बाया आल्या होत्या. अरुणोदयच्या रंगीत प्रती काढून मी प्रत्येकीला एक दिली. स्वयंपाकघरात लावा आणि रोज भाकरी थापताना या लोकांना हसा, असं सांगितलं. शेवटी फ्रेम टेबलावर उभी केली, समोर पाट मांडला आणि वाटीत ज्वारीच्या लाह्या नि दूध वाढलं. म्हटलं, घ्या साहेब, आमची न्याहारी चाखा. टाळ्या थांबेनात.

वाटी आणि फ्रेम तशीच रिक्षातून घरी आणली. शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. पितरांचे दिवस सुरू आहेत, याची मला आठवण नाही का, असं त्यांनी विचारलं. या पंधरवड्यात आपण फोटोपुढं ताट वाढतो ते आपल्या मेलेल्यांना. ज्याच्या फोटोपुढं वाढलं तो घरचा झाला, मंग त्याले उपाशी नाही पाठवता येत. मी हसून म्हणाले, ती माणसं मेलेली नाहीत आणि कधी जिवंतही नव्हती. त्या म्हणाल्या, हेच तं म्हणून राह्यली मी. ज्याचं कोणीच नाही त्याले तू बोलावलं.

१५ सप्टेंबर

सकाळी वाटीत दूध नव्हतं. लाह्या मात्र तशाच होत्या, कोरड्या, फुललेल्या, जणू दूध त्यांना लागलंच नव्हतं. मांजर असणार.

चित्रातले वडील बायकोकडे पाहत होते असं मला आठवत होतं. ते समोर पाहतात. माझी आठवण चुकली असेल.

१७ सप्टेंबर

आरोहीनं काल भाकरी खाल्ली नाही. आज पोळीही नको म्हणाली. वरच्या काकूंनी दिलं, पोट भरलं, असं तिनं सांगितलं. आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीही दिलेलं नाही.

ती माझ्याजवळ अभ्यासाला बसली होती. कुरकुर ऐकू आली. काय खातेस म्हणून मी तिला तोंड उघडायला लावलं. तोंड रिकामं होतं. ते मिटलं की पुन्हा कुरकुर.

फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. ज्यांनी आमच्या घरात लाज पेरली त्यांना मी घाबरणार नाही, मग ती माणसं असोत की शाई.

१९ सप्टेंबर

आरोहीच्या गालावर पुरळ. डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे, भरपूर पाणी द्या. मी माझं भिंग आणलं, ज्यानं जुनी छपाई तपासते. तो पुरळ नाही. ठिपके आहेत, तांबडे, पिवळे, निळे, सरळ रांगेत. जुन्या रंगीत छपाईत असतात तसे.

तिच्या आईवडिलांना फोन केला. ते बावीसला सकाळी पोचतील.

वाहेदभाईंकडे गेले. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले की पिंपळगाव राजाच्या एका बाईचा निरोप आहे, मॅडमनं दिलेलं चित्र तिनं चुलीजवळ लावलं आणि गंमत म्हणून पुढं घास ठेवला. मॅडमनं ठेवला होता ना, म्हून. तिच्या पोराच्या कपाळावर रंग उमटून राह्यले.

माझ्यामुळे. बरं. मग निस्तरायचंही मीच.

२१ सप्टेंबर, पितृमोक्ष अमावस्या

फ्रेम फोडून कागद जाळायला घेतला. कोपरा पेटला आणि खाली आरोही ओरडली. तिच्या कोपराला फोड आला. विझवला.

गच्चीवर शकुंतलाबाईंनी पान वाढून ठेवलं, या तिघांच्या नावानं. कावळे कठड्यावर बसून राहिले. एकही शिवेना. कुणाची तरी इच्छा बाकी राहिली की असंच होतं. मग घरचे हात जोडून एकेक वचन देत जातात. त्यांची इच्छा काय ते मला कळलं. ती छापलेलीच आहे. मी ओरडले, काही कबूल करू नका, एक शब्द बोलू नका. पण शकुंतलाबाईंना नातीला वाचवायचं होतं. त्या म्हणून गेल्या, जे मागान ते देते, पण आता जा —

कावळा खाली उतरला. पान साफ केलं.

आम्ही धावत खाली आलो. पलंगावर पांघरूण होतं. आरोही —

२१ सप्टेंबर, दुपार

चित्रातल्या खुर्चीत पाठमोरी बसली आहे. दोन वेण्या, शाळेच्या लाल फिती. चौथा चमचा.

शकुंतलाबाई पायरीवर बसून आहेत. त्यांना दोष देणाऱ्याची जीभ मी हासडीन.

कागदावर बोट ठेवलं. बोट आत गेलं. गार आहे तिथं. दुधाचा नासका वास.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ

डावा हात मनगटापर्यंत आत आहे. तिचा हात माझ्या हातात आहे. घट्ट धरलाय. ती ओढते माझ्याकडे, ते ओढतात तिकडे. चित्रातली बाई आता हसत नाही. बरं झालं. हसू पुसलं तरी —

उजव्या हातानं लिहिते आहे. पान झालं की फोटो काढून सभेला आलेल्या बायांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला शकुंतलाबाईंना सांगितलंय. त्या उठल्या. फोन घेऊन उभ्या आहेत.

माझ्या बोटांवर ठिपके आले. येऊ देत. तुम्ही आम्हाला सांगितलंत आमची सकाळ हलकी, आमचं अन्न हलकं, आता आमची लेकरं — नाही. हिला सोडणार नाही. मला आत यावं लागलं तर येईन आणि तुमचं टेबल —

बायांनो, ऐका. माझ्या कागदातली खुर्ची भरलेली आहे, ती मला कापता येत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातली अजून रिकामी आहे. जाळू नका. फाडू नका. त्याच्यापुढे उभ्या राहून कुणाला काही कबूल करू नका. कात्री घ्या, आत्ता, हे वाचता वाचता उठा, आणि ती रिकामी खुर्ची कागदातून कापून का