हळदीचे सात डाग

वरळी, ता. ३ मार्च १९५९

चि. कांता हिस मामाचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी मिलमध्ये असताना मामीकडून कपाटाची किल्ली घेऊन तू वाचनालयातली कादंबरी नेलीस, दाखल नंबर सतरा, ती मिलमधल्या रामदासच्या हाती परत पोचली. हळदीचे डाग सात, पैकी दोन अंगठ्याचे. जिथे मी चहाचा कप आत येऊ देत नाही, तिथल्या पुस्तकाची ही दशा! वाङ्मयावर खरं प्रेम असलेला माणूस आधी हात धुतो. तुझं नाव सभासदांतून कमी केलं आहे. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, याच कादंबरीवर माझं व्याख्यान आहे. समितीच्या सभेला नेलेल्या खुर्च्या परत आल्यात. ये, पण हात धुऊन. लोभ आहेच, तो डागांसकट समजावा.

तुझा मामा, बुधाजी

अँटॉप हिल, ता. ७ मार्च १९५९

ती. मामांस कांताचा सविनय जयभीम. वि. वि. डाग बरोबर मोजलेत. पण पान तेहेतीसपासून पुढली सगळी पानं छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती, ती सुटी कुणी केली हे विचारलं नाहीत! मीच केली, भाजीच्या विळीवर. हळद तिथली.

नऊ वर्षं तुम्ही आम्हाला या कादंबरीतल्या अंबिकेच्या सुखी संसाराचे दाखले देताय. मामा, ती पान दोनशे बारावर पोरीला कडेवर घेऊन घर सोडते हो! शेजारच्या रमाबाईंना मी रोज दुपारी वाचून दाखवत होते. त्यांना अक्षरओळख नाही. त्या पानाला त्यांनी डाळ करपू दिली, आणि अंबिका आता जाईल कुठे म्हणून मलाच रागावल्या.

हे कुणाला सांगितलेलं नाही. यांना सांगितलं, पण हे फार हसले नाहीत. रविवारला आठ दिवस आहेत, तेवढ्यात वाचा. रागावलात तरी माया आटवू नका.

तुमची कांता

वरळी, ता. १२ मार्च १९५९

चि. कांतास सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या पत्रात चुका दोन. वर्षं नऊ नव्हेत, दहा. आणि अंबिका घर सोडते ती दोनशे अकराच्या शेवटच्या ओळीत. काल वाचून संपवली.

पगारातून घेतलेलं ते माझं पहिलं कोरं पुस्तक. त्याला सुरी लावायचा धीर होईना. पहिली बत्तीस पानं वीसदा वाचली, पुढचं मनाने ठरवून टाकलं. रविवारी हे मीच उभा राहून सांगणार आहे. मग कादंबरीवर रमाबाई बोलतील. त्यांना घेऊन ये. मी समोरच्या खुर्चीत बसेन. तुझं नाव सभासदांत पुन्हा घातलं आहे. मामाला हसून झालं की लोभ ठेव.

तुझा मामा, बुधाजी

ता. क. पान दोनशे बारावर आठवा डाग आहे, कालचा, हळदीचा नव्हे, नुसत्या पाण्याचा. वहीत ‘चहा’ अशी नोंद केली आहे. वाचनालयात चहा येत नाही, याची तू कुणाला आठवण करून देऊ नकोस.