न ओढणाऱ्यांच्या यादीत

४ डिसेंबर, कारंजा
पल्लवी शाळेत आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता एम.एस्सी. करते. सिगरेट ओढणाऱ्यांच्या पेशींवर अभ्यास. आम्हा मास्तरांचे नमुने नेले: गालाच्या आतून लाकडी पट्टीने खरवडणं, थोडं रक्त. माझा फॉर्म तिनेच भरला. "सर, तुमाले काय विचाराव? तंबाखूमुक्तीची शपथ तुमीच देत होते आमाले." टाकलं न ओढणाऱ्यांच्या यादीत. बाजूला हेडसर. मी खाली सही केली. रोजच्या आठ सिगरेटी, जिनिंग मिलच्या मागे. दहा वर्षं. घरीही पत्ता नाही.

१९ डिसेंबर
पल्लवीचा फोन. "सर, घाबरू नका, पन..." माझ्या पेशींत केंद्रकाशेजारी बारके ठिपके, म्हणजे डीएनएचे तुटके तुकडे. रक्तात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणारा ताण, तोही वाढलेला. कॅन्सर नव्हे म्हणाली. "पन तुमी ओढत नाई, मंग हे कायनं झालं?" खरं सांगायला गेलो आणि बोलून बसलो, घराजवळ फवारणी होते, विहिरीचं पाणी... मास्तर कसला, भित्रा साला.

२० डिसेंबर
दहावीला आनुवंशिकता. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. फळ्यावर लिहिताना खडू अडला. बायकोला, मधूला, पाचवा महिना. आधीचं तिसऱ्यातच गेलं. तेव्हा सगळ्या तपासण्या तिच्याच, गोळ्या तिलाच. मला कोणी काही विचारलं नाही, मीही काही... फार भीती वाटते. तरी दुपारी दोन ओढल्या.

२५ डिसेंबर
काल शून्य. आज तीन. मधू म्हणे, "काहून चिडून राह्यले?"

२८ डिसेंबर
विहिरीचं पल्लवीने मनावर घेतलं. आज घरी आली, तेच पाणी पिते म्हणून मधूचाही नमुना घ्यायला. आज सांगायचंच ठरवून बसलो होतो. तिने आधी मधूलाच विचारलं, "काकू, घरात कोनी सिगरेट ओढते काय?"
"नाई वं पोरी. ह्यायले त वासबी सहन होत नाई."
आणि नमुन्यासाठी तोंड उघडून बसली.

पल्लवी गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं?
"लग्नापासून. पोरीसमोर तुमची इज्जत कायले घालवू?" मग, "खरं सांगा, आपल्या लेकराले काई होईन काय?"
मला माहीत नाही. विचारायचं तर पल्लवीलाच, आणि तिला आधी सगळं सांगून. तिची एसटी साडेचारची. आता सव्वाचार. मधू चपला दारात ठेवून उभी आहे, माझ्या.