बुरुजावरची गर्जना

वर्गात सगळे तुम्हाला मिस म्हणायचे, आणि आसपास कोणी नसलं की मी एकटी बाई म्हणायचे. आज बाईच म्हणते. हे पत्र कुठे पोचायचं नाही, ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पण उद्या माझा मुलगा शाळेच्या सहलीला, तुम्ही आम्हाला नेलं होतंत त्याच डोंगरातल्या अरबी किल्ल्यावर निघालाय, आणि संध्याकाळपासून मी त्याची बॅग पुन्हा पुन्हा उघडून बघतेय.

हल्ला झाला की दारावरच्या भोकातून खजुराचा उकळता पाक ओतायचे, असं त्या सहलीत तुम्ही खाली वर्गाला सांगत होतात. तेवढ्यात आम्ही चार-पाच मुली अंधाऱ्या जिन्याने बुरुजावर पोचलो. दर सुट्टीत साताऱ्याला चुलत भावंडांबरोबर गड चढायची मला सवय. माथ्यावर पाऊल पडलं की महाराजांच्या नावाने गर्जना करायची, हे इतकं अंगात भिनलेलं की ती तोंडातून निघूनच गेली. 'जय' म्हणायला मागे भावंडं नव्हती. खालून पहारेकरी काहीतरी ओरडला. इथे आखातात, आमच्या अल कुसैसच्या घरात बाबा टीव्हीसुद्धा हळू लावायचे. "एक तक्रार गेली की व्हिसा खलास," हे त्यांचं पालुपद. आईबाबा बॅगा घेऊन विमानतळावर उभे आहेत, असंच मला दिसायला लागलं. इतक्यात तुम्ही धापा टाकत वर येता, माझा हात धरता. तुमचा हात माझ्याहून ओला आहे. "बोलू नकोस," तुम्ही म्हणता. मागोमाग काठी वाजवत तो पहारेकरी येतो. "कौन आवाज किया?" "मैंने किया," तुम्ही म्हणता, आणि तुमची नोकरीही तसल्याच व्हिसावर असते.

त्याने काठीने भिंत दाखवली. "मदाम, दीवार पुराना है. बच्चा लोग डरेगा, गिरेगा," एवढंच म्हणून तो उतरला. बसमध्ये मी बोलणी खायच्या तयारीने बसले होते. ऊद मेथाला, शाळेपाशी येईपर्यंत तुम्ही हात सोडला नाहीत, आणि उतरताना कानाशी म्हणालात, "जय मी म्हटलं होतं. मनात."

मघाशी मुलाला बजावलं, "तिथे ओरडायचं नाही हं." "आई, व्हाय वुड आय शाउट?" त्याला खरंच कळेना. ती गर्जना त्याला माहीतच नाही, मीच कधी शिकवली नाही. मला आधी हायसं वाटलं, बाई, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून, एकदा म्हणून बघायचं ठरवलं. घशापर्यंत आली. तेवढ्यात शेजारच्यांचं दार वाजलं आणि मी गप्प झाले.